बिल्ला नको, चपला द्या

वेबसाइट सांभाळणाऱ्या ऑफिसांत येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. ओटीपी आला नाही, पैसे कापले गेले पण पावती नाही, फोटो अपलोड होत नाही. पण एक तक्रार अशी आहे की ती ऐकल्यावर सपोर्टवरचा मुलगा आधी फोन करणाऱ्यावर संशय घेतो, मग स्वतःवर आणि शेवटी सर्व्हरवर. "पासवर्ड बरोबर टाकतोय. लॉगिन दाबलं की चाक फिरतं आणि परत तेच लॉगिनचं पान येतं. चुकलं असंही म्हणत नाही, बरोबर आहे असंही म्हणत नाही."

पासवर्ड खरोखरच बरोबर असतो. सर्व्हरने तो तपासून पसंतही केलेला असतो. फक्त पुढच्या क्षणाला तो 'आपण कोण?' म्हणून नव्याने विचारतो. कारण गृहस्थांच्या ब्राउझरमध्ये कुकीज बंद असतात.

काहींच्या कुकीज बंद असतात याचा त्यांनाच पत्ता नसतो. ऑफिसच्या आयटीवाल्याने कधीतरी कुलूप घातलेलं असतं, किंवा भाच्याने "कॉम्प्युटर फास्ट करून देतो" म्हणत दिसेल त्या बटणावर हात साफ केलेला असतो. ही मंडळी बिचारी सांगाल ते करतात. खरी मजा तत्त्वाने बंद ठेवणाऱ्यांची. निवृत्त झालेले, पेपर जाहिरातींसकट वाचणारे, कुठल्याही फॉर्मवर सही करण्याआधी मागची बाजू पाहणारे एखादे काका घ्या. त्यांनी एकदा 'इंटरनेट तुमच्यावर पाळत ठेवतं' हा लेख वाचलेला असतो, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या कुकीज बंद केलेल्या असतात. मग वीजबिल भरताना पुतणीला फोन जातो.

"काका, सेटिंगमध्ये जाऊन कुकीज चालू करा."

"का म्हणून? त्यांना माझी माहिती कशाला हवी?"

"माहिती नकोय हो त्यांना. हे तुम्हीच आहात एवढंच लक्षात ठेवायचंय."

"अगं, आत्ता तर नाव-पासवर्ड दिला. इतक्यात विसरले?"

काकांचा प्रश्न भाबडा वाटला तरी नेमका मर्मावर बोट ठेवणारा आहे. हो, इतक्यात विसरले. वेबची घडणच तशी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं ते शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रं वाचता यावीत म्हणून. पान मागितलं, पान दिलं, व्यवहार संपला. पुढचं पान मागायला तोच माणूस आला की दुसरा, याच्याशी सर्व्हरला देणंघेणं नाही. शोधनिबंध वाचायला हे उत्तम. पण दुकान थाटायचं म्हटलं की पंचाईत. गिऱ्हाइकाने साबण पिशवीत टाकला आणि तेल बघायला तो पुढच्या पानावर गेला की दुकानदार साबणही विसरला आणि गिऱ्हाईकही.

१९९४ साली हे कोडं नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तेवीस वर्षांच्या पोराच्या टेबलावर आलं. एमसीआय या टेलिफोन कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण अर्धवट राहिलेल्या खरेद्यांचा हिशेब आपल्या सर्व्हरवर ठेवायची तिची तयारी नव्हती. माँटुली यांनी काढलेला तोडगा आपल्याकडे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर कैक वर्षं चालू आहे. स्टँडवाला हजारो तोंडं लक्षात ठेवत नाही, तो नंबराचा बिल्ला हातात देतो. परत येताना बिल्ला दाखवा, चपला घ्या. सर्व्हरही तसंच ब्राउझरला छोटा मजकूर देतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत न चुकता दाखवतो. हीच कुकी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत ही सोय होती. तिचा पहिला उपयोग झाला तो नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, एवढंच पाहायला. माँटुली यांच्या नावावर स्क्रीनवर लुकलुकणाऱ्या अक्षरांचं पापही जमा आहे, पण तो विषय वेगळा.

तर लॉगिनचा बिल्ला म्हणजे एक लांबलचक नंबर. त्यावर काकांचं नाव नसतं, पत्ता नसतो, रक्तगट तर नसतोच. कुकीज पूर्ण बंद करून लॉगिन करू पाहणारे काका म्हणजे "बिल्ला मी घेणार नाही, चपला मात्र माझ्याच परत द्या" म्हणणारा भाविक. मागे रांग वाढत असते.

काकांच्या संशयाला आधार नाही, असं मात्र म्हणता येत नाही. कुकी जन्माला आली तेव्हा कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ब्राउझर मुकाट्याने कुकीज घेत होते आणि वापरणाऱ्याला गंध नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनान्शियल टाइम्सने यावर लिहिलं आणि एकदम बोभाटा झाला. नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत मग 'कुकी घेण्याआधी मला विचारा' अशी सोय आली. ज्यांनी ती चालू केली त्यांच्या हौसेचं काय झालं असेल ते ओळखा. एका पानावर पाच चित्रं, प्रत्येक चित्राची एक कुकी, प्रत्येक कुकीसाठी एक खिडकी. पान वाचणं बाजूला राहिलं आणि माणूस 'कॅन्सल' दाबण्याच्या कामाला लागला. फायरफॉक्सने 'दर वेळी विचारा' हा पर्याय पुढे कैक वर्षं जपला आणि २०१६ साली काढून टाकला.

आता पलीकडे, वेबसाइटवाल्यांच्या बाजूला जाऊ. बिल्ला नाकारणाऱ्या पाहुण्याचं करायचं काय? सर्वात जास्त वापरलेला उपाय म्हणजे काहीच न करणं. 'कुकीज बंद आहेत' हे साइटला कळतच नाही, किंवा कळूनही ती गप्प बसते आणि लॉगिनचं पान पुन्हा पुढे करते. याहून वाईट म्हणजे 'सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा' असं खोटंच सांगणं. जे सेशन सुरूच झालं नाही ते संपलं कसं, हे विचारायला तिथे माणूस नसतो.

दुसरा प्रकार गरगर फिरवण्याचा. पहिलं पान म्हणतं, तुमच्याकडे बिल्ला नाही, लॉगिनकडे जा. लॉगिनवाला बिल्ला देऊ करतो आणि म्हणतो, झालं, पहिल्या पानाकडे जा. ब्राउझरने बिल्ला घेतलेलाच नसतो, म्हणून पहिलं पान पुन्हा लॉगिनकडे धाडतं. क्रोम आणि फायरफॉक्स असे वीसदा इकडून तिकडे जाऊन हात टेकतात. त्यानंतरचा निरोप वाचण्यासारखा असतो. 'कुकीज बंद ठेवल्याने किंवा नाकारल्याने कधी कधी असं होतं,' अशा अर्थाची ओळ फायरफॉक्स दाखवतो, म्हणजे बिचाऱ्याने रोग बरोबर ओळखला. क्रोम मात्र 'तुमच्या कुकीज पुसून पाहा' असा सल्ला देतो. ज्याच्याकडे एकही कुकी नाही त्याने काय पुसायचं?

तिसरा उपाय हुशारीचा होता, म्हणूनच त्याने सर्वात जास्त घोळ घातले. पाहुणा बिल्ला खिशात ठेवत नाही ना, मग नंबर पत्त्यातच छापून टाका! प्रत्येक दुव्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरांची माळ. पीएचपीत ही सोय होती, जावावाल्यांची वेगळी होती, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्येही होती. कुकीज बंद असोत की चालू, पाहुणा ओळखला जाई. अडचण एवढीच की माणूस पत्ता एकट्यापाशी ठेवत नाही. कुणी एक जण साडी निवडतो, दुवा कॉपी करून बहिणीला पाठवतो, "बघ कशी वाटते." बहीण दुवा उघडते आणि थेट भावाच्या खात्यात दाखल होते. साडी पसंत पडते की नाही हे नंतर, आधी त्याच्या मागच्या ऑर्डरी दिसतात. बायकोला न सांगता घेतलेल्या हेडफोनची बातमी अशी घरभर होते.

हे झालं घरगुती. चोरांनी याच सोयीचा उलटा उपयोग केला. स्वतःच्या नंबराचा दुवा ते दुसऱ्याला पाठवत, तो त्याच नंबरावर लॉगिन करी, आणि चोर मागोमाग आत. पीएचपीने २००९ साली ५.३ आवृत्तीत 'नंबर फक्त कुकीतूनच' हा नियम मुळातच चालू करून ठेवला, आणि पत्त्यात नंबर छापायची जुनी सोय २०२४ मध्ये ८.४ आवृत्तीत अधिकृतपणे निवृत्तीच्या यादीत टाकली.

पत्त्यात नंबर छापण्याचा फटका अशा एका पाहुण्यालाही बसला ज्याचा विचार फारसा कुणी करत नाही. कुकीज न सांभाळणारा जगातला सर्वात मोठा पाहुणा म्हणजे खुद्द गुगलचा क्रॉलर, साइटमागून साइट वाचत फिरणारा तो यंत्रमानव. एका पानावर मिळालेली कुकी तो पुढच्या पानावर घेऊन जात नाही. पत्त्यात नंबर छापणाऱ्या साइटवर त्याला दर भेटीत नवा नंबर मिळे, आणि तेच पान नव्या पत्त्याचं म्हणून तो पुन्हा नोंदवे. एकाच 'आमच्याविषयी'ची पन्नास पानं. उलट 'कुकीज नसतील तर पानच दाखवणार नाही' असा बाणा घेणाऱ्या साइटने काकांबरोबर गुगललाही दारातून परत पाठवलं. मग मालक विचारतो, "आपण शोधात का दिसत नाही?"

इतक्या उपायांनंतर जो शहाणपणाचा मार्ग उरतो तो अगदी साधा आहे, आणि तो जुनाही आहे. वर्डप्रेसच्या लॉगिनच्या पानावर गेलं की ते गुपचूप एक चाचणीची कुकी ठेवतं. तिच्यात गुप्त वगैरे काही नसतं, 'डब्ल्यूपी कुकी चेक' एवढेच शब्द. फॉर्म पाठवताना ती कुकी परत आली तर ठीक. नाही आली तर वर्डप्रेस सरळ सांगतं की तुमच्या ब्राउझरने कुकीज अडवल्या आहेत, वर्डप्रेस वापरायचं तर त्या चालू करा. जँगो या वेबसाइट बांधायच्या साधनातही अशीच चाचणी-कुकी आहे, आणि तिच्यासाठी नोंदवलेला शब्द असतो 'वर्क्ड', म्हणजे 'चाललं'. कुणीतरी टेबलाशी बसून हा शब्द टाइप केला असेल तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नक्की समाधान असणार. या एका ओळीने सपोर्टचे किती फोन वाचतात ते ज्यांनी फोन उचललेत त्यांना विचारा.

काही प्रोग्रामर "कुकीज नकोतच, आम्ही लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधलाच दुसरा साठा, वापरतो" म्हणून कॉलर ताठ करतात. त्यांच्या माहितीसाठी: क्रोममध्ये सगळ्या कुकीज अडवल्या की लोकल स्टोरेजही अडतं, आणि अडतं म्हणजे रिकामं मिळत नाही, हात लावताच एरर फेकतं. ती पकडली नसेल तर सगळी स्क्रिप्ट तिथेच आडवी होते आणि पाहुण्यासमोर पांढरंशुभ्र पान येतं. काका म्हणतात, "साइट छान आहे, पण मजकूर कमी आहे."

युरोपने या सगळ्याला कायद्याचा साज चढवला. २००९ साली तिथल्या नियमात दुरुस्ती झाली की गरजेपलीकडच्या कुकीज ठेवण्याआधी माणसाला विचारा. मे २०११ पासून ती लागू व्हायची होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने आपल्याच साइटवर परवानगी मागणारी पट्टी लावून धडा घालून दिला. निकाल असा लागला की मोजणीत दिसणारे पाहुणे सुमारे ९० टक्क्यांनी घटले. माणसं तितकीच येत होती, पण पट्टीला 'हो' म्हणणारेच मोजले जात होते आणि 'हो' म्हणायला कुणाला फुरसत नव्हती. २०१३ मध्ये कार्यालयाने पट्टीचा सूर मऊ केला.

पुढे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा माहिती संरक्षण कायदा आला आणि पट्ट्यांचं पीक फोफावलं. 'सर्व स्वीकारा' हे बटण हिरवंगार, ठसठशीत. 'नाकारा' हे कुठेतरी 'अधिक पर्याय'च्या आत, त्याच्या आत 'भागीदार', त्याच्या आत शेकडो नावांची यादी. आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका जर्मन लॉटरीच्या साइटच्या खटल्यात सांगितलं. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, हे चालणार नाही म्हणत फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. नाकारायचं बटण महाग पडलं.

पण या पट्ट्यांतली खरी गंमत कुकीज बंद ठेवणाऱ्याच्याच वाट्याला येते. पट्टी विचारते, कुकीज ठेवू का? तो म्हणतो, नको. ठीक आहे, तुमचं 'नको' आम्ही लक्षात ठेवतो. कशात? कुकीत! ती ठेवायला मनाई, म्हणून पुढच्या पानावर पट्टी पुन्हा हजर. ज्याने सर्वात ठामपणे नकार दिला त्यालाच तो सर्वात जास्त वेळा द्यावा लागतो. 'हो' म्हणणारे मोकळे सुटतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या पट्ट्या कमी करण्याचा आणि निवड ब्राउझरमध्येच साठवू देण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे दुखणं दिल्लीपर्यंत नाही तरी ब्रसेल्सपर्यंत पोचलं म्हणायचं.

आता काकांच्या बाजूने एक बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. बिल्ला फक्त स्टँडवाल्याने पाहायचा असता तर कुणी हरकत घेतली नसती. भानगड झाली ती जाहिरातवाल्यांमुळे. एकाच जाहिरात कंपनीच्या चित्रांनी हजार साइटवर जागा घेतली, आणि तिचा एकच बिल्ला हजार ठिकाणी दाखवला जाऊ लागला. माणूस सकाळी गुडघेदुखीवर वाचतो आणि दुपारी क्रिकेटच्या बातमीशेजारी त्याला मलम दिसतं. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये हे अडवलं होतं, तर गुगलने पळवाट काढून कुकी ठेवलीच. त्याबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने गुगलकडून २ कोटी २५ लाख डॉलर वसूल केले. सॅमी कामकार या संशोधकाने २०१० मध्ये 'एव्हरकुकी' नावाचा नमुना करून दाखवला. एक कुकी पुसली की ब्राउझरच्या दुसऱ्या कोपऱ्यात लपवलेल्या प्रतीतून ती पुन्हा उगवायची. उपटलं तरी मूळ आत राहतं, हे हरळी उपटणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि सगळ्या कुकीज बंद केल्या की माणूस अदृश्य होतो, हाही भ्रमच. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये लाखो ब्राउझर तपासले. फॉन्ट, स्क्रीनचा आकार, प्लगइन असल्या निरुपद्रवी गोष्टी एकत्र केल्या तर ८३.६ टक्के ब्राउझर इतरांहून वेगळे ओळखू आले. त्या तपासणीत एक रकाना 'कुकीज चालू की बंद' हाही होता, म्हणजे कुकीज बंद ठेवणं हीही ओळखीची एक खूण. 'माझा माग काढू नका' असं ब्राउझरने साइटला सांगायची जी सोय निघाली होती तिचीही हीच गत झाली. पाळायची सक्ती कुणावरच नव्हती, उलट ती चालू ठेवणारे थोडे, म्हणून तीच ओळखीची खूण ठरू लागली. ॲपलने २०१९ मध्ये ती सफारीतून काढली.

गुगलने क्रोममधल्या जाहिरातवाल्यांच्या परक्या कुकीज दोन वर्षांत बंद करतो, असं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. मग २०२३ म्हटलं, मग २०२४. २०२४ च्या जानेवारीत एक टक्का लोकांवर प्रयोग केला, एप्रिलमध्ये तारीख २०२५ वर ढकलली, जुलैमध्ये बेतच रद्द केला. सरकारी रस्त्याच्या डांबरीकरणाची तारीखही इतकी फिरत नाही.

मधल्या काळात एक छोटा बदल मात्र क्रोमने खरंच केला. फेब्रुवारी २०२० पासून दुसऱ्या साइटवरून परतताना जुन्या पद्धतीच्या कुकीज काही वेळा सोबत जाईनाशा होऊ लागल्या. पैसे भरायला बाहेरच्या पेमेंट गेटवेवर जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दुकान ओळखेना, असे प्रकार होण्याची भीती होती. तेवढ्यात कोरोना आला आणि एप्रिलमध्ये गुगलने तो बदल काही महिने मागे घेतला, अत्यावश्यक साइट त्या दिवसांत अडकू नयेत म्हणून. बँकेतून पैसे कापले गेले आणि दुकान म्हणतं 'तुमची पिशवी रिकामी आहे', हा प्रसंग ज्याने अनुभवलाय त्याला याची धास्ती वेगळी समजवायला नको.

युरोपच्या पाठोपाठ आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. या कायद्यात एक कलम मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे.

तेव्हा साइट बांधणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच. पुढची आवृत्ती सोडण्याआधी एकदा स्वतःच्या ब्राउझरमध्ये सगळ्या कुकीज बंद करा आणि आपल्याच साइटवर चक्कर मारा. जे नुसतं वाचायचं आहे ते कुकीजशिवाय वाचता आलं पाहिजे. लॉगिनच्या पानावर चाचणीची कुकी ठेवा, आणि ती परत आली नाही तर मराठीत दोन ओळी लिहा: 'तुमच्या ब्राउझरने कुकीज अडवल्या आहेत. लॉगिन करायचं असेल तर फक्त आमच्या साइटसाठी त्या चालू करा, कशा ते इथे पाहा.' आणि वाचणाऱ्यांनी सगळ्याच कुकीजवर राग काढू नये. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'थर्ड-पार्टी कुकीज', म्हणजे परक्या कुकीज, अडवण्याचा वेगळा पर्याय आहे. तेवढा चालू केला तरी वीजबिल भरता येतं. सफारीत मार्च २०२० पासून या परक्या कुकीज मुळातच बंद आहेत, तिथे काहीच करावं लागत नाही.